फॉलोअर्सना तिकिटं विकून कॅमेऱ्याची सोडत काढू का?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

मी कॅमेरे आणि लेन्सची माहिती देणारं चॅनेल चालवतो. प्रेक्षक बऱ्यापैकी आहेत, पण जाहिरातींचं उत्पन्न कधी येतं, कधी आटतं. म्हणून एक बेत आखलाय. एक महागडा कॅमेरा बक्षीस ठेवायचा, पाचशे तिकिटं ऑनलाइन विकायची आणि लाइव्ह येऊन सगळ्यांसमोर सोडत काढायची. सगळी तिकिटं खपली तर कॅमेऱ्याच्या किमतीच्या तिप्पट रक्कम जमते. कॅमेरा विजेत्याला, उरलेले पैसे माझे. लपवाछपवी काहीच नाही, नफा मी ठेवणार हे मी आधीच सांगून टाकलंय. परदेशात तर अशा सोडती सर्रास चालताना दिसतात.

मित्रांचे सल्ले मात्र तीन तऱ्हांचे. एक म्हणतो, तिकीट म्हणूच नकोस. फोटोंची ई-पुस्तिका वीक आणि सोबत सोडतीचं कूपन फुकट दे. दुसरा म्हणतो, दहा टक्के रक्कम एखाद्या संस्थेला दे, म्हणजे कुणी बोट दाखवणार नाही. तिसरा म्हणतो, वेबसाइट परदेशातल्या सर्व्हरवर टाक, मग कायदा लागूच होणार नाही. माझे प्रेक्षक भारतात आहेत तसेच ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडातही आहेत. घोषणा केली त्याच दिवशी काहींनी पैसे पाठवले, ते तसेच पडून आहेत. यातला कोणता रस्ता धरू?

— कॅमेरावाला

उत्तर

नमस्कार कॅमेरावाले,

तिघांपैकी कुणाचाच रस्ता धरू नका. घोषणा केली आहे त्या स्वरूपात ही सोडत तुम्ही नाव घेतलेल्या चारही देशांत बेकायदा आहे. नफा उघड सांगण्याचा तुमचा प्रामाणिकपणा मला आवडला, पण त्याने इथे काही फरक पडत नाही. फसवणूक हा वेगळा गुन्हा. लॉटरीचा गुन्हा घडायला कुणी फसावंच लागतं असं नाही. विजेत्याला कॅमेरा पोचला, हरलेल्यांनीही टाळ्या वाजवल्या, तरी गुन्हा झालेलाच असतो.

कायदा अशा योजनेत तीन गोष्टी शोधतो. भाग घ्यायला पैसे मोजावे लागतात का? विजेता नशिबाने ठरतो का? त्याला मोलाचं काही मिळतं का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ आलं की ती लॉटरी. मग पाटीवर रॅफल लिहा, लकी ड्रॉ लिहा, गिव्हअवे लिहा किंवा ‘मेंबर्स क्लब’ लिहा. अमेरिकेतली न्यायालयं वर्षानुवर्षं हीच कसोटी लावत आली आहेत, ब्रिटनच्या २००५ सालच्या जुगारविषयक कायद्यात लॉटरीची व्याख्या याच तीन गोष्टींवर उभी आहे, आणि भारतातले निकाल वाचले तरी शोध याच तिघांचा चाललेला दिसतो.

आणखी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण तुमचे तिन्ही मित्र नेमके तिथेच चुकलेत. इतर धंद्यांत मनाई नसेल ते करता येतं. लॉटरीत उलटं आहे. मुळात मनाई आहे आणि कायद्याने नाव घेऊन सूट दिली असेल तेवढंच करता येतं. त्यामुळे ‘हे करू नका असं कुठे लिहिलंय?’ हा प्रश्न इथे निरुपयोगी. ‘हे मी करू शकतो असं कुठे लिहिलंय?’ हे विचारा.

ते कुणासाठी लिहिलंय ते बघू. ढोबळमानाने दोघांसाठी, सरकार आणि धर्मादाय किंवा तशा ना-नफा संस्था. ‘स्वतःच्या नफ्यासाठी सोडत काढणारी खासगी व्यक्ती’ हा रकाना या चारही देशांत रिकामा आहे.

भारतात दंड संहितेचं कलम २९४-अ होतं. १ जुलै २०२४पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ने घेतली. राज्याची नसलेली आणि राज्य सरकारने परवानगी न दिलेली लॉटरी काढण्यासाठी जागा किंवा कार्यालय चालवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. याच कलमाचा दुसरा भाग तुम्ही शांतपणे वाचावा असं मला वाटतं. अशा सोडतीत अमुक तिकीट निघालं तर अमुक वस्तू देऊ, असा प्रस्ताव नुसता प्रसिद्ध केला तरी पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणजे एकही तिकीट न खपता केवळ तुमची घोषणा पुरेशी आहे. दंडाची रक्कम किरकोळ वाटेल, पण नोंद गुन्ह्याचीच होते.

याशिवाय १९९८चा लॉटरी नियमन कायदा आहे. त्याने लॉटरीचं आयोजन राज्य सरकारांपुरतं ठेवलं आणि त्यांनाही अटी घातल्या. तिकिटावर राज्याचं चिन्ह हवं, विक्रीचा पैसा राज्याच्या खात्यात जायला हवा, सोडत राज्यानेच काढायला हवी. या कायद्याला डावलून चाललेल्या लॉटरीत एजंट, प्रवर्तक किंवा विक्रेता म्हणून वावरणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. केरळने १९६७मध्ये सरकारी लॉटरी सुरू केली, महाराष्ट्राने १९६९मध्ये. तरी १९९९मध्ये बी. आर. एंटरप्रायझेसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की सरकारने काढली म्हणून लॉटरीचं जुगारपण जात नाही. सरकारची ही गत, तर तुमच्या सोडतीला कोण सोडणार?

आता दुसऱ्या मित्राचं घेऊ, कारण त्याचा सल्ला ऐकायला सगळ्यात सज्जन वाटतो. दहा टक्के दान. ब्रिटनमध्ये ना-नफा संस्थांना लॉटरीची सूट आहे, पण तिथे किमान वीस टक्के रक्कम संस्थेच्या कामाला जावी लागते. एका सोडतीची विक्री वीस हजार पौंडांपर्यंत आणि वर्षाची अडीच लाख पौंडांपर्यंत असेल तर स्थानिक प्रशासनाकडे नोंदणी, त्यावर गेली की जुगार आयोगाचा परवाना. आणि वीस टक्के दिले की बाकीचे ऐंशी तुमच्या खिशात, असंही नाही. त्यातून बक्षिसाचा आणि आयोजनाचा रास्त खर्च निघतो, पण कुणा व्यक्तीचा खासगी नफा हा लॉटरीचा हेतू असूच शकत नाही. कॅलिफोर्निया तर याहून कडक. तिथे पात्र संस्थेच्या रॅफलमधली नव्वद टक्के रक्कम धर्मादाय कामाला गेली पाहिजे आणि तिकिटं इंटरनेटवरून विकायची नाहीत. कॅनडात प्रांतांचा परवाना धर्मादाय किंवा धार्मिक संस्थांना मिळतो. थोडक्यात, दान करणारा माणूस आणि धर्मादाय संस्था यांत कायदा फरक करतो. दहाच्या जागी पन्नास टक्के दिलेत तरी सोडत तुमचीच, नफा तुमचाच. वर संस्थेचं नाव तिच्या संमतीशिवाय पोस्टरवर छापलंत तर तीही तुमच्यावर उखडेल, आणि तिचा राग रास्तच असेल.

तिसऱ्या मित्राचा सल्ला मला सगळ्यात धोकादायक वाटतो. त्याला वाटतं इंटरनेटमुळे काहीतरी नवीन पळवाट तयार झाली आहे. ही पळवाट इंटरनेटच्या आधीपासूनची आहे आणि ती कधीच बुजवून झाली आहे.

अमेरिकेत लुइझियाना लॉटरी नावाची कंपनी होती. १८६८मध्ये त्या एका राज्याने तिला सनद दिली, पण तिची तिकिटं टपालाने देशभर जायची आणि कमाईचा फार मोठा भाग बाहेरच्या राज्यांतून यायचा. ज्या राज्यांनी लॉटरी बंद केली होती तिथलेच लोक घरबसल्या तिकिटं घेत होते. १८९०मध्ये अमेरिकी काँग्रेसने लॉटरीला टपालाचे दरवाजे बंद केले. मग कंपनीने बाडबिस्तरा होंडुरासला हलवला. १८९५मध्ये परदेशातून लॉटरीची तिकिटं आणणं आणि एका राज्यातून दुसऱ्यात नेणं हाही गुन्हा ठरला. पॅराग्वेतल्या म्हणवणाऱ्या एका लॉटरीची तिकिटं टेक्सासहून कॅलिफोर्नियाला पाठवणारे या कायद्यात सापडले. त्यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडून पाहिलं आणि १९०३मध्ये ते हरले. तुमच्या मित्राच्या सर्व्हरची पॅराग्वे ही फारच जुनी आवृत्ती झाली.

भारतातलं उदाहरण तर तुमच्या बेताच्या आणखी जवळचं आहे. आर. एम. डी. चमारबागवाला यांची बक्षीस कोडी बंगळूरहून निघणाऱ्या एका वृत्तपत्रातून चालत. ते वृत्तपत्र तेव्हाच्या मुंबई राज्यात भरपूर खपायचं आणि कोडी सोडवून पैसे भरणारे लोकही इथे भरपूर होते. मुंबई राज्याने कर आणि नियंत्रणाचा बडगा उचलला तेव्हा बचाव असा झाला की धंदा तुमच्या राज्याबाहेरचा, तुमचा कायदा आम्हाला कसा लागेल? १९५७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वृत्तपत्र इथे खपतं, निमंत्रण इथे दिलं जातं, लोक इथे पैसे भरतात, एवढा धागा कायदा लागू व्हायला पुरेसा आहे. वृत्तपत्राच्या जागी तुमचं चॅनेल घाला आणि निकाल पुन्हा वाचा. युरोपातही १९९४मध्ये असाच निकाल लागला. एका जर्मन लॉटरीची पत्रकं नेदरलँड्समधून ब्रिटनला पाठवली गेली आणि ब्रिटनने ती अडवली. युरोपीय न्यायालयाने ब्रिटनचा तो अधिकार मान्य केला. (त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने स्वतःची राष्ट्रीय लॉटरी सुरू केली. सरकारांचा जुगारावरचा राग बहुतेक वेळा दुसऱ्याच्या जुगारावर असतो, पण हा टोमणा तुमच्या कामाचा नाही.)

म्हणजे कायदा सर्व्हर कुठे आहे ते विचारत नाही. तिकीट घेणारा कुठे बसलाय आणि चालवणारा कुठे बसलाय, ते विचारतो. परदेशात कंपनी काढून तुम्ही एक कायदा टाळत नाही, आणखी एक अंगावर घेता. शिवाय तुमच्या भारतीय प्रेक्षकांचं काय? परकीय चलनाच्या नियमांत लॉटरीची तिकिटं घेण्यासाठी भारतातून परदेशी पैसे पाठवायला सरळ मनाई आहे. या युक्तीने तुम्ही स्वतःबरोबर त्यांनाही नियमभंगात ओढाल.

पहिल्या मित्राची ई-पुस्तिका. हा सल्ला तिघांत हुशारीचा आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. त्याचं म्हणणं असं की लोक पुस्तिकेचे पैसे देतात, कूपन फुकट मिळतं, मग ‘भाग घ्यायला पैसे’ ही गोष्टच उरत नाही. हे खरं ठरू शकतं, पण त्याने वर्णन केलंय तसं नाही. सोडत नसती तर लोकांनी ती पुस्तिका त्याच किमतीला घेतली असती का? घाईघाईत पन्नास फोटो जोडून कॅमेऱ्याच्या तिकिटाएवढी किंमत लावली असेल तर उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. ब्रिटनच्या कायद्यात हे शब्दांत लिहून ठेवलंय. वस्तूची किंमत सोडतीत भाग घेण्याची संधी धरून लावली असेल, तर ते भाग घेण्यासाठी दिलेले पैसेच मानले जातात. पुस्तिका तिच्या नेहमीच्या भावाने विकत असाल तर मात्र गोष्ट बदलते.

पैसे न भरता भाग घेण्याचा खराखुरा मार्ग ठेवणं हा दुसरा उपाय. ‘खरेदीची सक्ती नाही’ हे वाक्य तुम्ही परदेशी स्पर्धांखाली बारीक अक्षरांत वाचलं असेल. ते तिथे सजावटीसाठी नसतं, सगळी योजना त्या वाक्यावर तोललेली असते. ब्रिटनमध्ये साध्या टपालाने पाठवलेली प्रवेशिका फुकट प्रवेश धरली जाते, मात्र तिला विकत घेणाऱ्याइतकीच संधी मिळाली पाहिजे आणि हा मार्ग ठळकपणे सांगितला पाहिजे. तुम्ही पत्ता चौथ्या पानाच्या तळाशी लपवलात, किंवा टपालाच्या प्रवेशिका सोडतीच्या पेटीत टाकायला ‘विसरलात’, तर ती पुन्हा लॉटरी. अमेरिकेतही हीच रीत आहे, पण न्यू यॉर्क आणि फ्लोरिडात बक्षिसांची एकूण किंमत पाच हजार डॉलरच्या वर गेली की आधी नोंदणी करावी लागते. न्यू यॉर्कमध्ये तीस दिवस आधी, फ्लोरिडात सात दिवस आधी. महागड्या कॅमेऱ्यावर लेन्स चढवली की हा आकडा फार लांब नसतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तुम्ही म्हणता परदेशात अशा सोडती सर्रास दिसतात, त्यातल्या बऱ्याच या सांगाड्यावर उभ्या असतात, म्हणजे टपालाने फुकट प्रवेश किंवा कौशल्याचा प्रश्न. काही उघडउघड बेकायदा असतात आणि अजून पकडल्या गेलेल्या नसतात. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात.

पण फुकट प्रवेश ठेवला तरी भारतात सुटका नाही. ग्राहक संरक्षण कायद्यात, विक्री किंवा धंदा वाढवण्यासाठी घेतलेली लॉटरी, नशिबाचा खेळ किंवा स्पर्धा ही अनुचित व्यापारी प्रथांत मोडते. २०१९च्या कायद्यातही ही तरतूद कायम आहे. तिचे शब्द फार रुंद आहेत आणि तरी खरेदीवर बक्षिसांच्या जाहिराती रोज दिसतात, हे मी नाकारत नाही. पण पुस्तिका विकायची आणि त्या विक्रीला सोडतीचं आमिष लावायचं, हे त्या शब्दांत इतकं नेमकं बसतं की तुमच्या पहिल्या मित्राने तो कायदा समोर ठेवूनच सल्ला दिला की काय, अशी शंका यावी.

कौशल्याचा रस्ता तुमच्या मित्रांपैकी कुणालाच सुचला नाही याचं मला नवल वाटतं, कारण तुम्ही फोटोग्राफीचं चॅनेल चालवता! विजेता नशिबाने न ठरता गुणांनी ठरला तर तीनपैकी एक गोष्ट निघून जाते. मात्र ती खरोखर निघायला हवी. ‘कॅमेऱ्याने काय काढतात? अ) फोटो ब) भाजी’ असला प्रश्न विचारून भागत नाही. ब्रिटनमध्ये कौशल्य असं लागतं की त्यामुळे बऱ्याच जणांनी भागच घेऊ नये किंवा बरेच जण बाद व्हावेत. चमारबागवाला खटल्यातली कोडीही याच मुद्द्यावर घसरली. वरवर शब्दज्ञानाची कसोटी दिसली, तरी उत्तर आधीच बंद पाकिटात ठेवलेलं होतं आणि त्याच्याशी जुळणं हा निव्वळ नशिबाचा भाग होता. कॅनडात बक्षीस देण्याआधी विजेत्याकडून एक छोटं गणित सोडवून घेतात, ते तुम्ही पाहिलं असेल. ते बघून कुणी म्हणेल, चला, आपणही बेरीज विचारू आणि तिकिटं विकू. पण त्या स्पर्धांना सोबत फुकट प्रवेश असतो. गणितामुळे तिकीट विक्रीला मुभा मिळत नाही.

तुमच्यासाठी खरी कौशल्याची स्पर्धा म्हणजे छायाचित्र स्पर्धा. विषय द्या, निकष आधी लिहून ठेवा, तुमच्याशी देणंघेणं नसलेले दोन-तीन परीक्षक घ्या आणि निकाल कारणांसह जाहीर करा. भारतीय कायद्यात निकाल दडवून ठेवणं हीदेखील अनुचित प्रथा आहे, तेव्हा विजेत्याचं नाव आणि निवडीचं कारण पानावर दिसू द्या. ‘सर्वाधिक लाइक्स मिळवणारा फोटो’ हा निकष टाळा. तो कौशल्याचा नाही, ओळखीपाळखीचा आहे, आणि लाइक्स विकत मिळतात.

या स्पर्धेला प्रवेशशुल्क ठेवू का, हे तुम्ही विचाराल. ठेवू नका. भारतात ऑगस्ट २०२५मध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा झाला. पैसे भरून पैसे किंवा तत्सम लाभाच्या आशेने खेळले जाणारे ऑनलाइन खेळ त्याने बंद केले, मग खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत आणि पन्नास लाखांपर्यंत. छायाचित्र स्पर्धा हा काही ‘खेळ’ नव्हे, असा युक्तिवाद मी स्वतः जोरात करीन. पण तो करायची वेळ यावी इतकं ते शुल्क मोलाचं आहे का? शुल्कच नसेल तर ‘भाग घ्यायला पैसे’ हाही मुद्दा गेला आणि तुम्ही दोन्ही बाजूंनी मोकळे.

मग नफा कुठून येणार? तुमचं मूळ दुखणं उत्पन्नाचं आहे, सोडतीचं नाही. कॅमेरा किंवा लेन्स बनवणाऱ्यांना, पिशव्या नि तिपाया विकणाऱ्यांना विचारा. बक्षिसाची वस्तू त्यांनी द्यावी, वर स्पर्धा चालवण्याचं मानधन तुम्हाला द्यावं. पैसा प्रायोजकाकडून आला की प्रेक्षकाकडून घ्यावाच लागत नाही. हे प्रायोजित आहे असं प्रत्येक व्हिडिओत सांगा. ई-पुस्तिका चांगली असेल तर ती सोडतीविना विका. त्यातून किती खप होतो ते बघितलंत की पहिल्या मित्राच्या सल्ल्यात पुस्तिकेची किंमत किती आणि कूपनाची किती, हेही तुमचं तुम्हाला कळेल. सशुल्क सदस्यत्व, एडिटिंगचे वर्ग, फोटो पाहून अभिप्राय देणं, यांत लोक पैसे देतात आणि प्रत्येकाला काहीतरी मिळतं. सोडतीत पाचशेपैकी चारशे नव्याण्णव जणांना काहीच मिळत नाही. त्यांच्याकडेच तुम्हाला पुढच्या महिन्यात पुन्हा जायचंय.

लाइव्ह सोडतीबद्दल एक. पारदर्शकतेवर तुमचा भर आहे, पण कॅमेऱ्यासमोर चिठ्ठी काढली म्हणजे संशय संपत नाही. अमेरिकेत अनेक राज्यांच्या लॉटऱ्या एकत्र चालवणाऱ्या संघटनेचा माहिती-सुरक्षा प्रमुख एडी टिप्टन यानेच आकडे काढणाऱ्या यंत्रात स्वतःची आज्ञावली घुसवली होती. २०१७मध्ये त्याला पंचवीस वर्षांपर्यंतची शिक्षा झाली. लेखापरीक्षक, कुलूपबंद खोल्या, पहारे असताना हे घडलं. तुमच्या मोबाइलवरच्या सोडतीवर हरलेला एखादा प्रेक्षक शंका घेईल, तेव्हा दाखवायला तुमच्याकडे काय असेल?

पोलिसांची भीती घालण्यात मला रस नाही. अशा प्रकरणांत बहुधा पहिला फटका पेमेंट कंपनीकडून बसतो. पेपाल प्रवेशशुल्क आणि बक्षीस असलेल्या योजनांना आधी मंजुरी मागतं. लोकवर्गणीचं व्यासपीठ असलेल्या गोफंडमीला रॅफल चालतच नाही. एका तक्रारीवर खातं गोठतं, आणि मग तुमच्या जाहिरातींचे, वर्गांचे, सगळ्याच कामाचे पैसे त्यात अडकतात. तुमच्याकडे आत्ता तिकिटांचे पैसे पडून आहेत, ते याच खात्यात असतील तर जास्तच घाई करा.

त्या पैशांचं असं करा. सगळ्यात आधी घोषणा सगळीकडून काढा, व्हिडिओ, पोस्ट, स्टोरी, ग्रुपमधला संदेश, सगळं. काढण्याआधी प्रत्येकाची तारखेसह प्रत स्वतःकडे ठेवा. कुणी किती, कधी, कशावरून पाठवले याची यादी करा आणि ती नष्ट करू नका. घाबरून पुरावे पुसणारे लोक मी पाहिलेत, आणि नंतर ‘आम्ही सगळ्यांचे पैसे परत केले’ हे सिद्ध करायला त्यांच्याकडे काहीच उरलेलं नव्हतं. पैसे आले त्याच मार्गाने, त्याच खात्यावर, पूर्ण रकमेने परत पाठवा. मधलं कमिशन कापलं गेलं असेल तर ते तुमच्या खिशातून. ‘पैसे राहू देत, त्याबदल्यात पुस्तिका घ्या’ असं स्वतःहून सुचवू नका. आधी व्यवहार शून्यावर आणा. ‘आता एवढी एकच सोडत होऊन जाऊ दे, पुढे बंद’ हाही विचार मनात येईल. त्या एकाच सोडतीने गुन्हा पुरा होतो.

सोबतचा संदेश लांबलचक नको. ‘आपण पाठवलेली रक्कम आज पूर्ण परत केली आहे. तिकीट विक्रीची ही योजना कायद्यात बसत नसल्याने रद्द केली आहे. कोणतीही सोडत होणार नाही. रक्कम सात दिवसांत न मिळाल्यास याच ठिकाणी कळवा.’ एवढं पुरे. काहीजण म्हणतील, अहो, आम्हाला चालेल, काढा हो सोडत. त्यांचेही परत करा.

पुढची स्पर्धा आखाल तेव्हा नियम एका पानावर लिहा. कोण भाग घेऊ शकतो, कोणत्या देशांतून, वय किती, अंतिम तारीख, निकष, परीक्षक, बक्षीस कुणाच्या खर्चाने पोचणार. ते पान घेऊन वकिलाकडे जा आणि त्यांना दोनच गोष्टी विचारा. यात भाग घेणाऱ्याकडून कुठल्याही रूपाने पैसे येतात का? विजेता निवडण्यात नशिबाचा अंश कुठे शिरलाय का? प्रत्येक देशासाठी वेगळा वकील परवडत नसेल तर पहिल्या वेळी स्पर्धा एकाच देशापुरती ठेवा आणि तसं नियमांत पहिल्याच ओळीत लिहा. बाकी देशांतले प्रेक्षक थोडे रुसतील. कराचा प्रश्नही त्याच बैठकीत मिटवून टाका. भारतात लॉटरी आणि तत्सम बक्षिसांवर तीस टक्के कर लागतो, दहा हजार रुपयांवरच्या अशा बक्षिसावर तो देणाऱ्याने आधी कापायचा असतो, आणि बक्षीस वस्तूच्या रूपात असेल तर कर भरला गेल्याची खात्री करूनच ती वस्तू हाती द्यायची असते. छायाचित्र स्पर्धेच्या बक्षिसाला यातलं काय आणि कसं लागू होईल, ते प्रायोजकाशी करार करण्याआधी कागदावर घ्या. नाहीतर कॅमेरा विजेत्याच्या दारात पोचेल आणि कराचा हिशेब तुमच्या.

— ताई